अमेरिकेत प्राथमिक शाळेत वाचन शिकवायचं आहे: भारतातलं बी.एड. कुठवर चालतं, लायसन्स कोणतं, परीक्षा कोणती?

पाटीपेन्सिल

सध्या टेक्सासमध्ये आहे, वर्क परमिट आहे. शिक्षण: बी.ए. इंग्रजी (तीन वर्षांचं), बी.एड. (जुना एक वर्षाचा अभ्यासक्रम, पद्धती इंग्रजी आणि इतिहास), शिवाय टीईटीचा दुसरा पेपर पास. पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचन शिकवण्याचं काम करायचं आहे.

जाहिरातींत रीडिंग टीचर, रीडिंग इंटरव्हेन्शनिस्ट, रीडिंग स्पेशालिस्ट, लिटरसी कोच अशी नावं दिसतात आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. माझे प्रश्न:

१. यातल्या कशासाठी लायसन्स लागतं आणि बी.एड.वर थेट अर्ज करता येतो का?
२. पदव्यांचं मूल्यांकन कोणत्या प्रकारचं करून घ्यायचं?
३. वाचनाची म्हणून वेगळी परीक्षा असते म्हणतात. त्यात नेमकं काय विचारतात?
४. वर्षभरात नॉर्थ कॅरोलिनाला जायची शक्यता आहे. इथे केलेलं तिथे चालेल का?

निळीशाई

आधी पदांचा गुंता सोडवू. जाहिरातीतलं नाव ही शाळेची मर्जी असते, लायसन्सचं नाव राज्य ठरवतं. अख्ख्या देशाचं असं शिक्षक लायसन्स इथे नाहीच.

पहिली ते तिसरीत वाचन शिकवणारी व्यक्ती बहुतेक शाळांत साधी वर्गशिक्षकच असते. टेक्सासमध्ये त्यासाठी ईसी-६ (बालवाडी ते सहावी) कोअर सब्जेक्ट्स, म्हणजे सगळ्या मुख्य विषयांचं प्रमाणपत्र लागतं, आणि आता ते 'विथ सायन्स ऑफ टीचिंग रीडिंग' अशा जोडनावानेच मिळतं. म्हणजे विषयांची परीक्षा वेगळी आणि वाचनाची वेगळी, दोन्ही द्याव्या लागतात. तुम्ही नजर ठेवायची ती यावर.

रीडिंग स्पेशालिस्ट ही त्याच्या वरची पायरी. टेक्सासमध्ये त्यासाठी मास्टर्स पदवी, आधीचं वैध वर्गशिक्षकाचं प्रमाणपत्र, दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि स्पेशालिस्टची स्वतंत्र परीक्षा लागते. पहिल्याच उडीत तिथे पोचता येत नाही. एखादी संस्था 'थेट रीडिंग स्पेशालिस्ट व्हा' म्हणून प्रवेश देत असेल, तर आधीच्या प्रमाणपत्राचं काय ते पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा. लिटरसी कोच मुख्यतः शिक्षकांना शिकवतो, त्यामुळे नवख्या माणसाला ते पद सहसा देत नाहीत.

इंटरव्हेन्शनिस्ट या नावाचं प्रमाणपत्र टेक्सासमध्ये नाही. अट डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ घालतं, आणि बहुतेकदा ती 'वर्गशिक्षकाचं प्रमाणपत्र हवं' अशीच असते. काही ठिकाणी ट्यूटर किंवा पॅरा (शिक्षकाचा मदतनीस) म्हणून लहान गटांना वाचन शिकवायला घेतात. टायटल वन (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या) निधीच्या शाळेत अध्यापनात मदत करणाऱ्या पॅराला हायस्कूल डिप्लोमा आणि त्याखेरीज दोन वर्षांचं कॉलेज, असोसिएट पदवी किंवा पात्रता परीक्षा यांपैकी एक लागतं. तुमची पदवी मूल्यांकित झाली की ही अट आपोआप भागते, पॅराप्रो ही पात्रता परीक्षा द्यायला नको. वर्ग कसा चालतो हे आतून कळायला हे काम चांगलं, पगार मात्र बेताचा.

चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि खासगी शाळांचं वेगळं आहे. टेक्सासच्या चार्टर शाळेत साध्या वर्गासाठी राज्याची किमान अट बॅचलर पदवीची आहे, विशेष शिक्षण आणि द्विभाषिक वर्ग वगळून. तरी प्रमाणपत्र असलेला उमेदवार समोर असला की तुमचा अर्ज मागेच पडतो.

बी.एड.वर थेट अर्ज? बहुतेक नाही. राज्याला परदेशातलं 'लायसन्स' हवं असतं आणि आपल्याकडे अमेरिकन अर्थाने ते नसतंच. बी.एड. ही पदवी, टीईटी ही पात्रता परीक्षा. अर्जातल्या 'लायसन्सची प्रत जोडा' या रकान्यात टीईटीचं प्रमाणपत्र लावून पुढे सरकेल असं धरून चालू नका. त्यापेक्षा आल्टरनेटिव्ह सर्टिफिकेशनचा, म्हणजे आधीच पदवी असलेल्यांसाठीच्या पर्यायी प्रमाणपत्राचा रस्ता सरळ आहे. तो असा:

मूल्यांकन → राज्यमान्य ईपीपीत, म्हणजे शिक्षक तयारी कार्यक्रमात प्रवेश (जीपीए, म्हणजे ४ पैकी गुणांची सरासरी, किमान २.५, एकूण किंवा शेवटच्या ६० क्रेडिटचा) → विषय आणि वाचन या दोन्ही परीक्षा → शाळेची नोकरी → एक वर्षाचं इंटर्न प्रमाणपत्र → त्या वर्षात मेंटॉरच्या देखरेखीखाली पूर्ण पगारावर शिकवणं → अध्यापनशास्त्राची उरलेली परीक्षा → स्टँडर्ड प्रमाणपत्र. सगळं मिळून कार्यक्रमात किमान ३०० तासांचं प्रशिक्षण धरलेलं असतं. फिंगरप्रिंट आणि पार्श्वभूमी तपासणीही मध्ये येते, पण त्यात विशेष काही अडत नाही.

अडतं ते नोकरीपाशी. इंटर्न प्रमाणपत्र शाळेने नेमणूक दिल्याशिवाय निघत नाही, आणि परीक्षा पास झाल्याशिवाय शाळा नेमणूक देत नाही. म्हणून परीक्षा वसंतातच संपवा. भरतीचा जोर मार्च ते जूनमध्ये असतो. ऑगस्टमध्ये निकाल हाती घेऊन गेलात तर उरलेसुरले वर्ग मिळतात.

कागदोपत्री

मूल्यांकनाबद्दल. दोन प्रकार असतात: डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट आणि कोर्स-बाय-कोर्स. पहिला स्वस्त आहे म्हणून लोक तोच करून घेतात आणि मग पुन्हा पैसे भरतात. तुम्हाला कोर्स-बाय-कोर्सच लागेल. प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि एकूण जीपीए त्यातच येतो, आणि २.५ ची अट त्याशिवाय तपासताच येत नाही.

एजन्सी निवडण्याआधी राज्याची यादी बघा. टेक्सासची स्वतःची मान्य यादी आहे, कॅलिफोर्नियाची वेगळी. नॉर्थ कॅरोलिनाला जायची शक्यता आहे तर दोन्हीकडे चालेल अशीच एजन्सी घ्या. आपापल्या टक्क्यांवरून जीपीए काढत बसू नका. आपल्याकडचे ५८ टक्के आणि इथले ५८ टक्के यांचा काही संबंध नाही, आणि एजन्सीला तो फरक माहीत असतो.

तीन वर्षांची बी.ए. हा नेहमीचा खडक. काही एजन्सी विद्यापीठाची नॅक श्रेणी बघून ती चार वर्षांच्या बॅचलरच्या बरोबरीची धरतात, काही तिला 'तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण' म्हणून सोडून देतात. म्हणून एकटी बी.ए. कधीच पाठवू नका. बी.ए. आणि बी.एड. एकाच अर्जात पाठवा, एम.ए. असेल तर तीही. फक्त डी.एड. असलेल्यांनी मात्र लक्षात घ्यावं: बारावीनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा पदवी म्हणून धरला जात नाही, मग त्याच्या जोरावर भारतात कितीही वर्षं शिकवलेलं असो.

तुमच्या बी.एड.मध्ये आणखी एक अडचण आहे. इंग्रजी आणि इतिहास या पद्धती माध्यमिकच्या. मूल्यांकनात 'सेकंडरी एज्युकेशन' असं येईल, आणि सराव पाठही पाचवीच्या वरच्या वर्गांवरचे असतील. प्राथमिकचं लायसन्स देणारं राज्य त्याला प्राथमिकचं स्टुडंट टीचिंग मानत नाही. बी.एड. फुकट गेलं असं नाही. बॅचलरची अट भक्कम करायला ते उपयोगी पडतंच, त्यावर लायसन्स मात्र मिळत नाही.

आता नावाचा घोळ. आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कुठे आईचंही. पासपोर्टवर क्रम उलटा, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. एजन्सीकडे अर्ज करतानाच विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा, नंतर मागतील याची वाट बघू नका. परीक्षेच्या नोंदणीत मात्र नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच लिहायचं. तिथे जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट किंवा बंद, शिक्का मारलेल्या पाकिटात जायला हवी. गुणपत्रिकेची नोटरी केलेली झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. पदवीचं माध्यम मराठी असेल तर इंग्रजीची परीक्षा मागू शकतात. तुमचं माध्यम इंग्रजी असेल तर विद्यापीठाकडून 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन'चं पत्र त्याच खेपेला मागून घ्या, दुसऱ्यांदा खिडकीवर माणूस पाठवायला लागू नये.

शाळेतल्या अनुभवाचं पत्रही आत्ताच मागवा: लेटरहेड, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, इयत्ता आणि विषय. पगारश्रेणी ठरवताना हे बघितलं जातं. 'त्या मन लावून काम करत' एवढ्याच मजकुराच्या पत्राला तिथे काही किंमत नाही.

स्वरव्यंजन

परीक्षेवर सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी उत्तम असलेली आपली माणसं नेमकी इथेच ठेचकाळतात. ही परीक्षा इंग्रजी येतं का हे तपासत नाही. इंग्रजी वाचायला कसं शिकतात हे तुम्हाला कळलंय का, ते तपासते.

टेक्सासची परीक्षा टेक्सेस (राज्याच्या शिक्षक परीक्षांची मालिका) सायन्स ऑफ टीचिंग रीडिंग, क्रमांक २९३. पाच तास, ९० बहुपर्यायी प्रश्न आणि एक लेखी उत्तर. गुण १०० ते ३०० च्या पट्टीवर, पास व्हायला २४०. वजन असं: वाचन अध्यापनाची मूलतत्त्वं १३ टक्के, पायाभूत कौशल्यं ४०, आकलन २७, लेखी उत्तर २०. चाळीस टक्के कुठे आहेत ते बघा आणि अभ्यासाचा वेळ तसाच वाटा.

पायाभूत कौशल्यांत ध्वनिजाणीव, फोनिक्स, शब्दांची फोड, ओघ (न अडखळता वाचणं) हे येतं. देवनागरीवर वाढलेल्या शिक्षकाची अडचण अशी की आपल्या कानाला शब्द अक्षरांत तुटलेले ऐकू येतात. आपण 'क' म्हणतो तेव्हा त्यात 'अ' मिसळलेलाच असतो. इंग्रजी परीक्षेला मात्र सुटा ध्वनी हवा, फोनीम. सरावाला हे घ्या: शिप या शब्दात तीन ध्वनी (श, इ, प), स्पेलिंगमध्ये अक्षरं चार. बॉक्समध्ये ध्वनी चार, कारण शेवटच्या एक्स या एका अक्षरात क आणि स दोन्ही आहेत. थ्रूच्या लांबलचक स्पेलिंगमध्ये अक्षरं सात, ध्वनी तीनच. एट म्हणजे आठ, त्यात ध्वनी फक्त दोन. स्ट्रेचमध्ये पाच. अशी शंभर-दीडशे शब्दांची फोड कागदावर करा. नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

हीच सवय वर्गातही नडते. मुलाला ध्वनी जोडून दाखवताना 'कऽ-ॲ-टऽ' असं म्हटलं की मुलाच्या कानावर 'कॲटअ' पडतं आणि कॅट तयारच होत नाही. क आणि ट तोडके, स्वराशिवाय म्हणायला शिका. स, म, फ हे ध्वनी ताणता येतात, म्हणून सुरुवातीला तेच घेतात. प, ट, क ताणता येत नाहीत. परीक्षेत 'सुरुवातीच्या ध्वनिजोडणीला कोणता शब्द योग्य' असा प्रश्न आला की उत्तर या फरकात असतं. व आणि डब्ल्यू, आखूड इ आणि लांब ई, दातांत जीभ धरून म्हणायचा टी-एचचा ध्वनी, यांवरही स्वतःच्या तोंडाने मेहनत घ्या. मुलाखतीला बऱ्याचदा छोटा पाठ घ्यायला सांगतात.

ध्वनिजाणीव आणि फोनिक्स यांची गल्लत मुद्दाम करायला लावतात. अक्षर समोर नसताना फक्त कानाने ध्वनी ओळखणं, तोडणं, जोडणं ही ध्वनिजाणीव. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड आली की ते फोनिक्स. प्रश्नात शिक्षिकेच्या हातात अक्षरांच्या पट्ट्या आहेत की रंगीत सोंगट्या, हे नीट वाचा. बहुतेकदा तिथेच उत्तर ठरतं.

लेखी उत्तरात एका मुलाच्या वाचनाच्या नोंदी देतात. त्यावरून पायाभूत कौशल्यातली एक गरज आणि आकलनातली एक गरज ओळखायची, प्रत्येकीसाठी एक उपाय सांगायचा आणि तो का चालेल ते लिहायचं, साधारण ४०० ते ६०० शब्दांत. समजा मूल 'हाउस'ला 'हॉर्स' वाचतंय, 'मेड'ला 'मॅड' वाचतंय, आणि सुरुवातीची व्यंजनं मात्र सगळी बरोबर आहेत. तर गरज 'वाचन कच्चं' ही नव्हे. गरज आहे शब्दाच्या मधल्या स्वराची: जोडस्वर आणि शेवटचा मूक ई. पुरावा म्हणून नोंदीतले तेच दोन शब्द उद्धृत करा. उपाय म्हणून 'चित्र बघून अंदाज करायला सांगेन' लिहिलंत तर गुण गेलेच. चित्र, संदर्भ आणि पहिलं अक्षर यांवरून शब्द ताडायची पद्धत आता बाद धरली जाते, काही राज्यांनी तर ती कायद्यानेच मोडीत काढली आहे. त्याऐवजी मेड-मॅड, केप-कॅप अशा जोड्या, मग ते शब्द असलेलं वाक्य, मग तेच स्वर असलेला छोटा उतारा, अशी चढण लिहा.

शेवटचा ई-डी हाही हमखास येतो. 'जम्प्ड'मध्ये त्याचा ट होतो, 'प्लेड'मध्ये ड, 'वॉन्टेड'मध्ये इड. मूल 'जम्प-एड' वाचत असेल तर ती प्रत्ययाची गरज आहे, स्वराची नव्हे.

ओघ मोजायची रीत: एका मिनिटात वाचलेल्या शब्दांतून चुका वजा. ६८ वाचले, ९ चुकले, तर ५९. अचूकता ५९ भागिले ६८, म्हणजे ८७ टक्क्यांच्या आत. अचूकता ९० च्या खाली असेल तर तो उतारा मुलाला झेपत नाही, अशा वेळी 'भरभर वाचायचा सराव' हे उत्तर चूक. आधी शब्द उलगडता यायला हवेत. हॅसब्रुक आणि टिंडल यांच्या २०१७ च्या कोष्टकात वर्षअखेरीचा मधला आकडा पहिलीला ६०, दुसरीला १००, तिसरीला ११२ आहे. हे तीन लक्षात राहिले तरी पुरे.

निळीशाई

वरच्यात एक भर. टेक्सासमध्ये एका परीक्षेला एकूण पाचच प्रयत्न मिळतात, दोन प्रयत्नांत ३० दिवसांचं अंतर. पाचनंतर राज्याकडे सवलतीचा अर्ज करावा लागतो. 'एकदा देऊन बघू, अंदाज येईल' हा आपला लाडका मार्ग इथे महाग पडतो. अंदाज सराव परीक्षेवर घ्या.

पाटीपेन्सिल

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. एक राहिलं: परीक्षेआधी लेटर्स किंवा ऑर्टन-गिलिंगहॅम (डिस्लेक्सियामुळे वाचनात अडखळणाऱ्या मुलांना पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत) यांचं प्रशिक्षण करून ठेवलं तर लायसन्सच्या कामी येईल का? आणि नॉर्थ कॅरोलिनाचं कोणी सांगेल का?

दुपारची_शाळा

प्रशिक्षण आणि लायसन्स यांत गल्लत नको. लेटर्स हा आठ घटकांचा, दोन खंडांचा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्याने लायसन्स मिळत नाही. शिवाय तो महाग आहे आणि बरीच डिस्ट्रिक्ट्स नोकरीला लागल्यावर स्वखर्चाने करवून घेतात. नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ च्या कायद्यानंतर प्राथमिकच्या शिक्षकांना राज्यभर लेटर्सच दिलं. टेक्सासमध्ये किंडरगार्टन ते तिसरीच्या शिक्षकांना २०१९ च्या हाउस बिल ३ मुळे रीडिंग अकॅडमी हे वाचन अध्यापनाचं प्रशिक्षण करावं लागतं, तेही नोकरीत असताना. तेव्हा स्वतःच्या खिशातून आधी करू नका. तो पैसा परीक्षेच्या तयारीला लावा.

ऑर्टन-गिलिंगहॅमचं असं की त्या नावाने दोन दिवसांच्या कार्यशाळाही विकल्या जातात आणि देखरेखीखालच्या अध्यापनासह वर्षभराचे अभ्यासक्रमही असतात. ऑर्टन-गिलिंगहॅम अकॅडमी या संस्थेच्या पायऱ्या क्लासरूम एज्युकेटर, असोसिएट, सर्टिफाइड आणि फेलो अशा आहेत. जाहिरातीत यांतली कोणती पायरी ते लिहिलेलं नसेल तर तो कोर्स सोडा. डिस्लेक्सियाच्या कामात पुढे जायचं असेल तर टेक्सासमध्ये त्याचं वेगळं राज्य लायसन्सच आहे. प्रॅक्टिशनरला बॅचलर पदवी, ४५ तासांचा अभ्यास आणि ६० तासांचा देखरेखीखालचा अनुभव. थेरपिस्टला मास्टर्स, २०० तास आणि ७०० तास. हे लायसन्स शाळेबाहेर खासगीत काम करणाऱ्यांना विशेष लागतं.

तासांची अट राज्यागणिक फार बदलते. कोलोरॅडोत किंडरगार्टन ते तिसरीच्या शिक्षकांना ४५ तासांचं पुराव्यावर आधारित वाचन प्रशिक्षण. ओहायोत त्याच इयत्तांना डिस्लेक्सियाचे १८ तास, आणि लायसन्सच्या अभ्यासक्रमात वाचनाचे १२ क्रेडिट, त्यातला एक विषय फोनिक्सचा. फ्लोरिडात रीडिंग एंडोर्समेंटसाठी (लायसन्सवर वाचनाची जादा नोंद) पाच घटक, मिळून ३०० तास. कॅलिफोर्नियात तर रिका ही जुनी वाचन परीक्षा जाऊन १ जुलै २०२५ पासून वर्गातल्या प्रत्यक्ष कामावरचं मूल्यमापन आलं. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्यांचा सल्ला ऐकताना 'कोणत्या वर्षी आणि कुठे' हे आधी विचारा.

नॉर्थ कॅरोलिनाला रेसिडेन्सी लायसन्स आहे, म्हणजे शिकवता शिकवता तयारी कार्यक्रम पुरा करायचा: एक वर्षाचं, दोनदा नूतनीकरण. बॅचलर पदवी, साधारण २.७ जीपीए, कार्यक्रमात प्रवेश आणि नोकरी. तुमचं मूल्यांकन २.५ आणि २.७ च्या मधे आलं तर टेक्सासात दार उघडं आणि तिथे बंद, हे आधीच पाहून ठेवा.

वाचनाची परीक्षा तिथे फाउंडेशन्स ऑफ रीडिंग. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मिसिसिपीही तीच वापरतात. १०० बहुपर्यायी प्रश्न आणि दोन लेखी उत्तरं, प्रत्येकी १५० ते ३०० शब्द: एक पायाभूत कौशल्यांवर, एक आकलनावर. पासची रेषा प्रत्येक राज्य आपली आखतं. टेनेसी आणि अलाबामात याच जागी प्रॅक्सिस या मालिकेतली ५२०५ क्रमांकाची परीक्षा आहे. अभ्यास जवळपास सारखाच, पण गुण आपोआप इकडचे तिकडे होत नाहीत.

राज्यांमधल्या कराराबद्दल लोक 'रेसिप्रॉसिटी आहे ना' म्हणतात. त्यात खरं एवढंच की पूर्ण, स्टँडर्ड लायसन्स असेल तर दुसरं राज्य अर्ज सोप्या वाटेने घेतं, वाचनाची परीक्षा मात्र तरीही मागू शकतं. इंटर्न किंवा प्रोबेशनरी प्रमाणपत्र सहसा सीमेपलीकडे चालत नाही. तुम्ही इंटर्नशिपच्या मध्यावर हललात तर ते वर्ष आणि कार्यक्रमाची फी दोन्ही पाण्यात. त्यामुळे जाण्याचं आधी नक्की करा. नक्की असेल तर आत्ता फक्त कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन आणि अभ्यास उरका, टेक्सासच्या ईपीपीत पैसे अडकवू नका, आणि फाउंडेशन्स ऑफ रीडिंगची नोंदणी करताना गुण नॉर्थ कॅरोलिनाला पाठवायचा पर्याय तिथल्या तिथे निवडा.